पाणी गोठते तेव्हा कोंबड्या काय पितात?

निफाड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र मागच्या महिन्यात आम्हाला मिळाले. जयभीम घालून तिने लिहिले आहे : "बचत गटाचे कर्ज काढून वीस पिल्ले आणली. डिसेंबरच्या थंडीत आठवड्याभरात सात गेली. सासूबाई म्हणतात, पहाटेचे गार पाणी पाजलेस म्हणून गेली. मालक म्हणतात, पाण्याने कधी कोंबडी मरते का? खरे काय ते सांगा. कर्जाचे हप्ते सुरू झाले आहेत."

या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणारच आहोत. परंतु पत्र वाचून आमचे मन एकदम दुसरीकडेच गेले. थंडी, कोंबड्या आणि पाणी या तीन गोष्टींनी आम्हाला एकदा चांगलेच रडवले होते. ती हकीकत आधी सांगतो. उत्तराचा निम्मा भाग तिच्यातच आहे.

नोकरीच्या काळात आम्ही रस्त्याच्या कामावर ट्रक, डोझर दुरुस्त करणारे मेकॅनिक होतो. त्या कामानिमित्त लडाखमध्ये तीन हिवाळे काढले. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे. जानेवारीत तेथे रात्रीचा पारा शून्याखाली पंधरा ते वीस अंशांपर्यंत उतरतो. दिवसा मात्र ऊन असे कडक, की दक्षिणेकडे तोंड करून भिंतीला पाठ लावून बसले तर स्वेटर काढावासा वाटतो, आणि चार पावले सावलीत गेले की दात वाजू लागतात. एकाच अंगणात दोन ऋतू! आमचा तळ लेहपासून तासाभराच्या अंतरावर, सिंधू नदीच्या काठच्या एका गावाला लागून होता. गावाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या घराची ही गोष्ट आहे त्यांना आम्ही विचारलेले नाही.

त्या घरात एक विधवा बाई आणि तिची म्हातारी सासू राहत. लडाखी भाषेत थोरल्या बहिणीला 'आचे' म्हणतात, आजीला 'अबी' म्हणतात, आणि मान द्यायचा तर पुढे 'ले' लावतात. आपण ताई, आजी यांच्यापुढे 'जी' लावावे तसे. म्हणून आम्ही त्या दोघींना आचे-ले आणि अबी-ले म्हणत असू. आचे-लेचा मुलगा जम्मूला कॉलेजात होता आणि मुलगी लेहला दिली होती. घरात एक गाय, चार मेंढ्या आणि बारा कोंबड्या. त्या बारा कोंबड्यांची अंडी आचे-ले आमच्या तळावरच्या स्वयंपाक्याला व रस्त्यावरच्या चहावाल्याला विकी.

त्या काळी हिवाळ्यात श्रीनगरकडून येणारा रस्ता झोजी-ला खिंडीत बर्फ पडून चार-पाच महिने बंद असे. साठवलेले धान्य, वाळवलेल्या भाज्या आणि विमानाने येईल तेवढेच ताजे. त्यामुळे हिवाळ्यातल्या अंड्याला उन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट भाव मिळे. आचे-लेचे गणित सरळ होते. उन्हाळ्यातल्या अंड्यांत तेल-मीठ निघते, हिवाळ्यातल्या अंड्यांत मुलाच्या जम्मूच्या खोलीचे भाडे निघते. तिच्या हिवाळ्यातल्या चार अंड्यांवर एका मुलाचे शिक्षण टांगलेले होते.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. लडाखमधील जुन्या बौद्ध घरांत कोंबडी खाण्याची फारशी चाल नव्हती. मांस खाणारे ते लोकही, परंतु त्यांचा विचार असा की एक मोठे जनावर मारले तर एका जिवात कित्येकांचे पोट भरते. कोंबड्या खायच्या तर त्यासाठी कितीतरी जीव घ्यावे लागतात. आचे-लेच्या घरीही कोंबडी अंड्यासाठीच होती. म्हातारी झाली तरी ती खुराड्यातच राही.

तर 2010 सालच्या जानेवारीत आचे-लेच्या मुलीचे दिवस भरले. बाळंतपणासाठी आईने लेहला जायचे ठरले. अबी-लेचे गुडघे धरलेले, तिला जिना उतरवत नसे. लडाखी घराची रचना अशी, की खाली जनावरे आणि वर माणसे. गायीला वैरण-पाणी घालायला शेजारी तयार झाले. कोंबड्यांचे मात्र आचे-लेने आम्हाला विचारले. आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आचे-ले, तुम्ही बिनघोर जा. आमच्या गावी घरोघर कोंबड्या. आम्ही कोंबड्यांतच वाढलो."

खोटे नव्हते ते. परंतु आमच्या गावच्या कोंबड्या उकिरड्यावर चरतात आणि मोरीच्या पाण्यावर पितात. त्यांना पाणी 'द्यायचे' असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी सातला, कामावर जाण्याआधी, आम्ही पत्र्याच्या थाळीत पाणी भरून खुराड्यासमोर ठेवले, बार्लीचे दाणे टाकले आणि निघालो. दुपारी एकला जेवायच्या सुट्टीत येऊन पाहतो तो थाळीत आरसा! वरपासून तळापर्यंत बर्फ. दाणे जवळजवळ तसेच पडलेले. कोंबड्या अंग फुगवून एका पायावर उभ्या. आम्ही हातोडीने बर्फ फोडला, पुन्हा पाणी ओतले आणि परत गेलो. संध्याकाळी पुन्हा आरसा.

दाणे का पडून राहिले, हे आम्हाला नंतर कळले. कोंबडी जेवढा दाणा खाते त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. दाणा आधी गळ्याजवळच्या पिशवीत भिजतो, मग पुढे जातो. पाणी नसेल तर कोरडा दाणा तेथे बसून राहतो, म्हणून शहाणी कोंबडी खाणेच सोडते. आणि थंडीत अंगाची ऊब टिकवायला तर खाणेच लागते. तिच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त, एक्केचाळीस अंशांच्या आसपास असते. म्हणजे पाणी गोठले की अन्न बंद, आणि अन्न बंद की ऊब बंद. शिवाय अंड्याच्या आत जे पांढरे-पिवळे असते त्याचा पाऊण हिस्सा पाणीच असतो. कोंबडीला पाणी मिळाले नाही तर ती प्रथम अंडे थांबवते, कारण जीव आधी. एक-दोन दिवस पाण्यावाचून काढलेली कोंबडी पुढे कित्येक दिवस अंड्यावर येत नाही. काही तर पिसे गाळू लागतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोके चालवले. थोडे पाणी लवकर गोठते, तर जास्त ठेवू, असे म्हणून लोखंडी घमेले भरून ठेवले. ते दोन तास टिकले इतकेच. तोटा असा झाला की आता फोडायला बर्फही घमेलेभर. लोखंडाला बर्फ असा चिकटतो की वरून हातोडी मारली तर घमेले पोचते आणि बर्फ जागचा हलत नाही. आम्ही मारलेल्या घावाने शेवटी तळाला चीर गेली. मातीच्या भांड्याचे तर नावच नको. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे एक-अकरांश फुगते आणि मडके, काच, काहीही फोडून बाहेर येते. इंजिनाचा ब्लॉक फुटतो तेथे मडक्याची काय कथा!

इंजिनाचे नाव निघाले म्हणून तिसऱ्या दिवशीची गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हाला आजही लाज वाटते.

त्या दिवशी आठच्या सुमारास आम्ही गॅरेजमध्ये आमच्या मदतनीस पोरापुढे कोंबड्यांचे रडगाणे गात होतो. पोरगा हुशार, एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, "उस्ताद, गाडीच्या रेडिएटरात आपण कूलंट घालतो म्हणून पाणी गोठत नाही ना? मग कोंबड्यांच्या पाण्यात झाकणभर टाकू."

खरे सांगायचे तर क्षणभर आम्हालाही ते पटले. मग आठवले, आदल्याच वर्षी गॅरेजमागे रेडिएटर रिकामा करताना सांडलेले हिरवे पाणी एका कुत्र्याने चाटले होते. त्याची चव गोडसर असते, जनावरे आवडीने चाटतात. ते कुत्रे आधी दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देऊ लागले आणि दोन दिवसांनी मेले. सांडलेले पुसून घ्यायचे काम आमचेच होते, ते आम्ही केले नव्हते. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड जाळणारे विष आहे, माणसालाही आणि पाखरालाही. आम्ही त्या पोराला असे ओरडलो की तो दचकला. त्याचा काही दोष नव्हता. ओरडलो ते स्वतःलाच. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण गाड्यांवर, रिक्षांवर, गॅरेजांत काम करतात. ते हिरवे-गुलाबी पाणी घरी बाटलीतून आणू नका, आणि सांडले तर लगेच माती टाकून उचला. लहान मुले घरात असतील तर दुप्पट जपा.

पोरगा हार मानणारा नव्हता. "मग मीठ तरी टाकू?" हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात येतो म्हणून हिशेब देतो. पाणी शून्याखाली पाच अंशांपर्यंत पातळ ठेवायचे तर लिटरभर पाण्यात सुमारे ऐंशी ग्रॅम मीठ लागेल. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. म्हणजे समुद्राहून दुप्पट खारट पाणी झाले. ते प्यायलेली कोंबडी तहानेने आणखी पिते, तिला पातळ संडास होते आणि ती मरते. आणि एवढे करून रात्रीचे उणे पंधरा अंश तर बाकीच राहतात.

संध्याकाळी आम्ही खुराडे उघडले तेव्हा त्या दिवसाचे अंडे एकच होते. चौथ्या दिवशी एकही नाही. एक ठिपक्यांची कोंबडी कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. तिचा तुरा टोकाला काळपट पडलेला. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आचे-ले परत येऊन काय म्हणेल याची भीती होतीच; पण त्याहून जास्त टोचत होते ते आमचे ते वाक्य, "आम्ही कोंबड्यांतच वाढलो."

सकाळी आम्ही जिना चढून अबी-लेकडे गेलो. तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता आणि आम्हाला लडाखी 'जुले'च्या पुढे येत नव्हते. जुले म्हणजे नमस्कारही, धन्यवादही आणि निरोपही. आम्ही कोंबडीसारखी मान हलवून दाखवली, मग थंडीने कुडकुडून दाखवले. म्हातारी दात नसलेल्या तोंडाने पोटभर हसली. मग तिने बुखारीवरच्या पातेल्यातले पाणी भांड्यात ओतले, त्यात गार पाणी घातले, आमचे बोट धरून त्यात बुडवले. पाणी बोटाला जेमतेम ऊन लागत होते, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना असते त्याहूनही कमी. मग तिने खिडकीतून उन्हाकडे बोट दाखवले आणि हाताची तीन बोटे उभी केली. सकाळ, दुपार, ऊन कलायच्या आधी. शेवटी तिने भांडे उपडे करून दाखवले आणि दोन्ही हात कानाखाली घेऊन डोळे मिटले. रात्री भांडे रिकामे करून ठेवायचे, कोंबड्या झोपतात.

एवढ्या खुणांत सगळे शास्त्र आले. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. पहाटे उजाडल्यावर आणि संध्याकाळी दांडीवर बसण्यापूर्वी ती सर्वांत जास्त पिते, आणि अंडे घातल्यानंतर पिते. लडाखमध्ये डिसेंबर-जानेवारीत दिवस दहा तासांच्या आसपासचा. म्हणजे रात्रभर पाणी पातळ ठेवण्याचा अट्टाहास फुकटचा होता. त्या दहा तासांत तीनदा प्यायला मिळाले की झाले. उलट रात्री खुराड्यात पाणी ठेवले तर त्याची वाफ आत कोंडते. कोरडी कोंबडी पुष्कळ थंडी सोसते. ओली कोंबडी सोसत नाही. तुरा आणि चोचीखालचे लोंबते तांबडे मांस ओले राहिले की तेच आधी गोठते आणि काळे पडते. ठिपकीचे तसेच झाले होते. अर्धवट गोठलेल्या थाळीत ती तोंड घालत राहिली असावी. खुराड्याची वरची फट आम्ही पोती कोंबून बंद केली होती, तीही चूकच. खालून वारा लागता कामा नये, पण वरून ओल बाहेर जायला वाट हवी.

बारा कोंबड्यांना दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी पुरे. ऐकायला थोडे वाटते. पण त्या गावात जानेवारीत नळ बंद असतात, कारण नळच फुटतात. हापशावरून किंवा झऱ्यावरून डबा भरून आणायचा. आम्ही आधी आळस करून अंगणातला बर्फच पातेल्यात घालून वितळवायला लावला होता. अबी-लेने ते पाहून कपाळाला हात लावला. भुसभुशीत बर्फाच्या भरल्या बादलीतून तळाला थोडेसे पाणी निघते. शिवाय बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात तेच पाणी गारठ्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. त्या उजाड मुलुखात शेणी आणि काटक्या उन्हाळाभर वेचून साठवाव्या लागतात. त्यांच्या शेणी आम्ही बर्फापायी जाळत होतो.

पाण्याची वेळ कळली. आता भांडे. येथे मात्र आमचा धंदा कामाला आला. रस्त्याच्या कामावर खडी-माती वाहायला काळी रबरी घमेली असतात, आपल्याकडे बिगारी बाया डोक्यावर घेतात तीच. त्यातले एक नवे कोरे, न वापरलेले, आम्ही मुकादमाला सांगून घेतले. रबरात बर्फ झाला तरी घमेले उपडे करून वरून पाय दिला की ते दबते आणि बर्फाची अख्खी चकती खाली पडते. हातोडी नको, ऊन पाणी वाया घालवायला नको. गॅरेजच्या मागे झिजलेले टायर पडलेले होते. एक टायर आडवा ठेवला, त्याच्या पोटात गवत ठासून भरले आणि मधल्या भोकात घमेले बसवले. टायर काळा, घमेले काळे. दक्षिणेकडच्या भिंतीशी उन्हात ठेवल्यावर दोन्ही तापत. भिंतीने वारा अडवला. घमेल्यावर लाकडी फळीची गोल चकती तरंगती ठेवली, तिला चोच जाईल एवढी चार भोके. त्यामुळे पाण्याचे उघडे तोंड कमी झाले आणि कोंबडीची चोच भिजली तरी गळ्याखालचे मांस भिजेनासे झाले.

पाणी वरून गोठत येते, हे लक्षात ठेवले की पुष्कळ उमगते. पसरट थाळीपेक्षा खोल भांडे जास्त वेळ टिकते, आणि वरचा थर हलता राहिला तर साय धरायला उशीर लागतो. आमच्या पोराने मिठाचे पाणी भरून घट्ट बूच लावलेली छोटी बाटली चकतीऐवजी तरंगत सोडून पाहिली. वाऱ्याने बाटली हलते, तिच्याभोवती बर्फ धरत नाही, असे त्याने कोठेतरी ऐकले होते. हलक्या थंडीत तिचा थोडा उपयोग झाला. कडक थंडीत बाटलीसकट बर्फ झाला. तरी मीठ बाटलीत होते, पाण्यात नव्हते, म्हणून आम्ही त्याला हौस फेडू दिली.

सकाळी आठला ठेवलेले कोमट पाणी थाळीत अर्ध्या तासात गोठे, ते टायरच्या घमेल्यात अकरा-साडेअकरापर्यंत राहू लागले. दुपारचे पाणी तर उन्हामुळे चारपर्यंत टिके. संध्याकाळी दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यायलाही अबी-लेने खुणेने सांगितले. कोंबड्या ते अशा तुटून पडून खात की आम्हाला हसू आले आणि थोडे रडूही. सातव्या दिवशी एक अंडे मिळाले. ठिपकी मात्र सहाव्या रात्रीच गेली. आम्ही तिला अंगणाच्या कडेला पुरायला गेलो, तर जमीन इतकी गोठलेली की कुदळ टणकन उडाली. शेवटी दगडांखाली ठेवले.

नवव्या दिवशी आचे-ले परतली. मुलीला मुलगी झाली होती. तिने आधी ती बातमी सांगितली, मग खाली खुराड्याकडे वळली. आम्ही मागे उभे. तिने मोजल्या. अकरा. आम्ही सगळे सांगितले, पहिल्या थाळीपासून कूलंटपर्यंत. काही लपवले नाही. पंधरा दिवसांचे भाडे आमच्यामुळे बुडाले होते, म्हणून आम्ही पैसे पुढे केले. ते तिने घेतले. उगाच नको-नको केले नाही, आणि आम्हाला ते बरे वाटले. मग तिने टायरमधल्या घमेल्याला पायाने हळूच उपडे केले, दाबले, बर्फाची चकती पडलेली पाहिली, आणि विचारले, "असा दुसरा टायर आहे का? शेजारणीला हवा होईल."

त्या महिनाअखेरपर्यंत आम्ही गावात सहा टायर पोचवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेहवर ढगफुटी झाली आणि आम्हाला दुसरीकडच्या कामावर हलवले. आचे-लेशी अजून फोनवर बोलणे होते. 2019 साली श्रीनगरकडून विजेची मोठी लाईन लेहला पोचली. आता तिच्या मुलाने भांड्याखाली ठेवायची विजेची तबकडी आणली आहे. पाणी गोठायला आले की ती आपोआप सुरू होते. वीज असेल तेथे ती सोय चांगलीच. फक्त वायर चोचीच्या टप्प्यात नको आणि जोडणी ओलीत नको. खुराड्यात गवतावर मोठा उष्णतेचा दिवा टांगणे मात्र टाळावे. तो पडून खुराडी जळतात. वीज गेली की आचे-ले अजून टायर ओढून बाहेर काढते, असे ती सांगते.

आता निफाडच्या भगिनीकडे येतो. ताई, आपल्याकडे निफाडला पारा कधी कधी चार-पाच अंशांच्या खाली जातो, पण कोंबड्यांचे पाणी थिजून दगड होत नाही. तुमच्या मोठ्या कोंबड्यांना रात्री अंगणात राहिलेले बर्फासारखे पाणी पहाटे देऊ नका, कारण त्या ते कमी पितात, मग कमी खातात आणि अंडी घटतात. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे उपसलेले पाणी हिवाळ्यात कोमटच असते. तेच द्या, चूल पेटवायला नको.

पिल्लांचे वेगळे आहे. सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. नुसत्या गार पाण्याने सात पिल्ले सहसा जात नाहीत; परंतु पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी केली तरी चालते. खोक्यात किंवा पत्र्याच्या गोलात भुसा पसरून वर साठचा दिवा टांगा. तो साखळीने पक्का बांधा, नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पळत असतील तर उकडते आहे, सगळीकडे पांगून चरत असतील तर ठीक आहे. पाणी कोमट ठेवा, भांडे उथळ ठेवा आणि त्यात स्वच्छ गोटे टाका, म्हणजे पिल्लू भांड्यात पडून भिजणार नाही. भिजलेले पिल्लू थंडीत तासाभरात जाते. आम्हाला वाटते, तुमची काही पिल्ले तशीच गेली असावीत.

मालकांनाही एक विचारा. लस टोचली होती का? पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला राणीखेतची लासोटा लस द्यावी लागते, डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून. माना वाकड्या होणे, हिरवट शीट, धाप लागणे असे काही दिसले असेल तर तो थंडीचा प्रश्नच नव्हे. मेलेले पिल्लू फेकू नका, पिशवीत बांधून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, ते पाहून सांगतील. कर्ज गटाचे असल्याने ही गोष्ट गटाच्या बैठकीत उघड सांगा. बाकीच्या बायांनीही पिल्ले घेतली असतील, आणि लसीची कुपी एकदा फोडली की शंभराच्या हिशेबाची असते. वीस पिल्लांसाठी एकटीने घेण्यापेक्षा पाच जणींनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी.

आमच्या घरी सध्या नऊ कोंबड्या आहेत. सौभाग्यवतीने लडाखची गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की ती आता आमच्या आधीच पुढचे वाक्य म्हणते. परंतु टायर तिनेच मागवला. गवत ठासलेला टायर जसा थंडी आत येऊ देत नाही, तसाच ऊनही येऊ देत नाही. मेमध्ये तो आम्ही कडुनिंबाच्या सावलीत ठेवतो, काळ्या घमेल्याच्या जागी मातीची परात बसवतो, आणि दुपारी दोनलाही त्यातले पाणी गार असते.